जुन्या पीसीवर लिनक्स मिंट: एनव्हीडिया कार्ड कसं चालवायचं

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून रावेर-यावलकडची मंडळी जुने पीसी घेऊन जळगावला माझ्या दुकानात येतात. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देतो. ग्राफिक्स इंटेल किंवा एएमडीचं असेल तर सहसा काही करावं लागत नाही, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. डोकेदुखी एनव्हीडियाची.

पेनड्राइव्हवरून बूट करताना स्क्रीन काळी पडली, तर मेनूतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. इन्स्टॉल झाल्यावरही तेच झालं, तर पीसी सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस सोडून 'नोमोडसेट' (nomodeset) टाइप करा आणि एफ१० दाबा. ही फक्त तात्पुरती सोय.

मग नेट जोडून ड्रायव्हर मॅनेजर उघडा आणि 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर घ्या. आकडा मोठा म्हणजे ड्रायव्हर भारी, असं काही नसतं भाऊ! जीटी ७१० सारख्या जुन्या केपलर पिढीच्या कार्डाला ४७० च्या पुढची ड्रायव्हर-मालिका चालतच नाही.

सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी पीसीतली सुरक्षा) चालू असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते, ती फार वेळ थांबत नाही. लगेच कुठलंही बटण दाबा, 'एनरोल एमओके' (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडा, तोच पासवर्ड द्या. बरीच गिऱ्हाइकं इथे 'कंटिन्यू बूट' दाबून मोकळी होतात आणि मग ड्रायव्हर लोडच होत नाही.

शेवटी टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'एनव्हीडिया-एसएमआय' (nvidia-smi) चालवा. कार्डाचं नाव आणि तापमान दिसलं की काम झालं. मे महिन्यात आपल्याकडे तो तापमानाचा आकडा चढलेलाच असतो. आधी पंख्यातली धूळ काढा.