चपटपाय माशी अळंबीतून वाढवून कशी ओळखावी

पानावर नागमोडी धावणारी बारकी माशी दिसली की ती चपटपाय, असे सांगणाऱ्यांवर विसंबू नका. फोरिड कुळातल्या कुबड्या माश्याही तशाच धावतात. खात्री हवी तर अळ्या वाढवा, कारण चपटपाय माश्यांच्या अळ्या बुरशीतच वाढतात.

श्रावणात गोव्यातल्या कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या, कुजक्या ओंडक्यावरची, थोडी पोखरलेली अळंबी सालीसकट कापून आणा. अभयारण्यात परवानगीशिवाय काही उचलू नका. रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळमीही नकोत, त्यांची जागा तोणाकात, म्हणजे रस्सा भाजीत.

खरी कसोटी बरणीत. माझ्या पहिल्या तीन बरण्या वाया गेल्या. 'ओलावा टिकवा' असे वाचून मी घट्ट झाकण लावले, वर पाणीही शिंपडले. दोन दिवसांत अळंबीचा काळा रस झाला आणि अळ्या त्यात बुडाल्या. तो सल्ला कोरड्या मुलखासाठी असावा. गोव्याच्या पावसात हवाच ओली असते. बरणीत चार बोटे वाळू घाला, तीही तव्यावर परतून कोरडी केलेली. तिच्यावर दोन काड्या आडव्या टाकून मग अळंबी ठेवा. तोंडाला मलमलचे फडके बांधा. पाणी अजिबात शिंपडू नका. पोट भरले की बऱ्याच अळ्या खाली उतरून कोश करतात, म्हणून वाळू हवीच. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा. चपट्या, कडेने झालरीसारखी टोके असलेल्या अळ्या आपल्या. पांढऱ्या, गोल अंगाच्या बहुधा दुसऱ्यांच्या.

माशी निघाली की दिवसभर थांबा, रंग पक्का होऊ द्या. मग 70 टक्के अल्कोहोलात टाका. फेणी चालत नाही, ती 42 टक्क्यांच्या आसपासच असते.

आता दहापट भिंगाखाली मागचा पाय पाहा. पंजाचे सांधे रुंद आणि चपटे असतील तर प्लॅटिपेझिडी, म्हणजे चपटपायांचे कुळ. मादीत हे ठळक दिसते. मांडी चपटी आणि पंजा बारीक असेल तर फोरिड. इथेच मी वर्षभर फसलो, 'चपटा पाय' म्हणून मांडीच बघत बसलो. फोरिडच्या पंखात पुढच्या कडेच्याच शिरा जाड असतात, बाकीच्या फिक्या आणि तिरप्या. चपटपाय नराचा पंजा फसवा असतो, म्हणून त्याचे डोळे पाहा: कपाळावर एकमेकांना भिडलेले. या कुळातला प्लॅटिपेझा हा वंश (genus) जर्मन कीटकशास्त्रज्ञ मायगेनने 1803 मध्येच नोंदवला, आणि त्याच्या नावाचा अर्थच सपाट पाय.

याच कुळातल्या मायक्रोसॅनिया माश्या मात्र बरणीत शोधू नका. त्या धुराकडे येतात. पाऊस उघडला की परसात पाचोळा पेटवा आणि जाळे घेऊन धुराच्या कडेला उभे राहा.