गंजलेल्या जुन्या गाडीचा एसी दुरुस्त करताना

जुन्या गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की बहुतेक जण सर्वप्रथम गॅस भरून घेतात, आणि तिथेच पैसे वाया जायला सुरुवात होते. एसीतला गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून सतत फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) शाफ्टच्या सीलमधून वर्षानुवर्षे थोडा गॅस झिरपतो हे खरे, परंतु एकाच हंगामात तो लक्षणीय कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे असेच समजावे.

काम हाती घेण्यापूर्वी कंडेन्सर (गरम गॅस थंड करून त्याचा द्रव करणारी, गाडीच्या पुढची जाळी) ज्या आडव्या पट्टीवर बसवलेला असतो ती पट्टी आणि कॉम्प्रेसरचे ब्रॅकेट स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. तिथला पत्रा पोकळ झाला असेल, तर नवा कंडेन्सर त्यावर हलत राहील आणि त्याचे सांधे पुन्हा सुटतील. अशा वेळी आधी पत्र्याचे काम करून घ्यावे. मात्र गॅसने भरलेल्या नळ्यांजवळ वेल्डिंग कधीही करू नये.

त्यानंतर वीजजोडणी तपासावी, कारण या तपासणीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. एसी सुरू केल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा विजेवर चालणारा भाग, ‘टक्’ आवाज करून बसत नसेल, तर फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विच पाहावेत. गंजलेल्या गाडीत खरा संशय अर्थिंगवर घ्यावा. क्लचला वीज दिलेली असताना कॉम्प्रेसरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातील व्होल्टेज मोजावे; ते ०.२ व्होल्टपेक्षा बरेच जास्त आले, तर ब्रॅकेट, इंजिन किंवा बॉडी यांपैकी कुठल्या तरी सांध्यात गंज बसला आहे. सांधा घासून स्वच्छ केल्यावर क्लच पुन्हा काम करू लागतो, असे पुष्कळदा घडते. गाडी धावताना हवा गार आणि उभी असताना कोमट येत असेल, तर आधी कंडेन्सरचा पंखा तपासावा.

वीजजोडणी ठीक निघाली, तर गेज (दाब मोजणारे उपकरण) लावावे. आर-१३४ए (गाड्यांच्या एसीत वापरला जाणारा एक गॅस) असलेल्या यंत्रणेत, एसी बंद असताना, २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८० पीएसआय दाब दिसतो, पण आत थोडासा द्रव शिल्लक असला तरी हाच आकडा येतो. त्यामुळे गॅस पुरेसा आहे असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. काटा शून्याजवळ असेल, तर मात्र गॅस संपला आहे हे निश्चित. हा गॅस उणे २६ अंशांनाच उकळतो आणि त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. उरलेला गॅस हवेत सोडू नये. तो यंत्राने काढून घेणाऱ्या कार्यशाळेतच काढावा. बॉनेटखालच्या लेबलवर दुसराच गॅस लिहिलेला असेल, तर त्यात आर-१३४ए मिसळू नये.

गळती शोधणे हा या कामाचा गाभा आहे आणि इथे घाई महागात पडते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर पडते, म्हणून तेलकट, धूळ चिकटलेला डाग ही पहिली खूण. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यांत चिखल आणि पाने अडकून ओल टिकते, तिथे नळ्या आधी सडतात. दुसरी जागा सहज दिसत नाही: ॲल्युमिनियमची नळी लोखंडी क्लॅम्पमध्ये जिथे धरलेली असते, तिथे दोन धातू आणि खारट ओल एकत्र येऊन ॲल्युमिनियम झिजते, आणि ही झीज रबराच्या पट्टीखाली लपलेली असते. क्लॅम्प सोडल्याशिवाय ती नळी ठीक आहे असे मानू नये. रिकाम्या यंत्रणेत रेग्युलेटर लावून, उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत कोरडा नायट्रोजन भरावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. ऑक्सिजन किंवा हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची साधी हवा यासाठी वापरू नये. गळती बुजवणारी रसायने मला मान्य नाहीत, कारण ती एक्सपान्शन व्हॉल्व्ह (द्रव गॅस बारीक छिद्रातून सोडणारी झडप) तुंबवतात आणि गॅस काढणारे यंत्रही बिघडवतात.

जाम झालेला नट सोडवताना, यंत्रणा रिकामी असल्याची खात्री करून त्यावर गंज सैल करणारे तेल लावावे आणि रात्रभर मुरू द्यावे. नेहमी दोन पाने वापरावेत, एकाने नळी स्थिर धरावी आणि दुसऱ्याने नट फिरवावा. एकाच पान्याने जोर लावल्यास मऊ ॲल्युमिनियमची नळी पिळवटते. आच देणे टाळावे, कारण गॅसचा अंश ज्वाळेत आल्यास विषारी वायू तयार होतात. तरीही नट हटत नसेल, तर नळी कापून नवी बसवणे शहाणपणाचे. उघडी टोके लगेच बंद करावीत.

जोडताना सांध्यातली प्रत्येक ओ-रिंग (रबरी कडी) नवी घ्यावी आणि तिला त्या यंत्रणेचे तेल लावावे. उघडलेल्या यंत्रणेचा ड्रायर (गॅसमधली ओल टिपणारा डबा) ओल शोषून निकामी होतो, म्हणून तोही बदलावा. कॉम्प्रेसर आतून तुटून धातूचा चुरा पसरला असेल, तर कंडेन्सरही बदलावा लागतो. त्याच्या बारीक वाहिन्या धुऊन पूर्ण स्वच्छ होत नाहीत.

यानंतर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा ते पाऊण तास चालवावा. दाब इतका घसरला की आतले पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून बाहेर निघते. पंप बंद करून गेज पाहावे; काटा वर चढत राहिला, तर गळती किंवा ओल बाकी आहे. गॅस लेबलवरील ग्रॅमप्रमाणे, वजनकाट्यावर मोजून भरावा. अंदाजाने जास्त भरलेल्या गॅसमुळे थंडावा वाढत नाही, उलट दाब चढून कॉम्प्रेसर दमतो.

काम झाल्यावर क्लॅम्पखाली नवे रबर घालावे आणि लोखंडी भागांना गंजरोधक लावावे, परंतु कंडेन्सरच्या जाळीवर काहीही फासू नये. ती सौम्य धारेच्या पाण्याने इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवावी. हिवाळ्यातही अधूनमधून दहा मिनिटे एसी चालवला, की तेल शाफ्टच्या सीलपर्यंत पोहोचते आणि सील कोरडे पडून गळत नाही.