कुंडात पोहायचंय? मग डोक्यावरचे ढग नाही, घाटमाथा बघा

सगळ्यात आधी जुलै-ऑगस्ट डोक्यातून काढून टाका. धबधबा म्हणजे पावसाळा हे बघण्यापुरतं बरोबर आहे, आणि तेही लांबून. कुंडात उतरायचं असेल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर, तेव्हा पाणी निवळतं, तळ दिसायला लागतो आणि धबधबा अजून चालू असतो. "पण तेव्हा फोर्स नसतो ना" असं म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण असतोच, त्या फोर्सचं ह्यांना नक्की करायचंय काय हे मला आजवर कळलेलं नाही.

ठिकाण निवडा. लहान मुलं किंवा न पोहणारे सोबत असतील तर कणकवलीजवळचा सावडाव, पसरट आहे आणि खालचं पाणी उथळ. उशिरा जाणार असाल तर बारमाही वाहणारा बघा, वैभववाडी तालुक्यातला नापणे किंवा गोव्यात नेत्रावळीचा सावरी. दूधसागरला (साधारण ३१० मीटर उंच) कुळ्याहून जीप असते, पण ती वाटेत नदीतून जाते म्हणून पावसाळ्यात बंद, साधारण ऑक्टोबरात सुरू होते, आणि तिथे लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. रेल्वे रुळावरून चालत जायचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या, त्याला बंदी आहे. चालायची तयारी असेल तर माणगाव तालुक्यातल्या भिरा गावातून देवकुंड, एका बाजूचं पाच-सहा किलोमीटर.

बंदी आहे का ते बघा. पावसाळ्यात जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात, आधी कलम १४४ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. आदल्या दिवशी गावातल्या गाईडला फोन करून विचारा, मागच्या वर्षीच्या रीलवर जाऊ नका.

आता पाणी. हीच खरी अवघड पायरी आणि ह्याच्यावरच सगळ्यात फालतू सल्ले मिळतात. "आकाश मोकळं असेल तर जा" हा त्यातला सगळ्यात वाईट. मला हे नीट जमायला बरीच वर्षं लागली, कारण कुंडात उभं राहून जे आकाश दिसतं त्याचा कुंडातल्या पाण्याशी फारसा संबंधच नसतो. कुंडात पाणी येतं ते वरच्या घाटमाथ्यावरून, आणि तिथे धो धो कोसळत असताना खाली कोकणात ऊन पडलेलं असू शकतं. त्यात आपला सह्याद्री म्हणजे काळा कातळ, पत्र्याच्या छपरासारखा, वर पडलेलं फारसं जिरत नाही, सरळ घरंगळत खाली येतं. लहान ओढ्याला तर अर्धा तासही पुरतो.

म्हणून घरूनच मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा, धबधब्यापासून ओढा उलटा वर वर शोधत जा आणि कुठल्या गावांवरून, कुठल्या सड्यांवरून (उघड्या कातळाच्या पठारांवरून) पाणी येतंय ते बघा. देवकुंड रायगडात आहे पण त्याचा माथा ताम्हिणीच्या बाजूला, म्हणजे फक्त रायगडचा अंदाज बघून निघणं अर्धवट काम झालं. हवामान खातं पुणे जिल्हा आणि पुणे घाट असा वेगळा अंदाज देतं, तसंच सातारा घाट, कोल्हापूर घाट, ते घाटवालं वाचायचं. ह्याच ताम्हिणीत २५ जुलै २०२४ ला चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला होता. खात्याच्या हिशेबात २०४.४ च्या वर गेलं की 'अत्यंत मुसळधार', म्हणजे त्याच्या अडीचपटीहून जास्त! घाटाला यलो अलर्ट असला तरी मी कुंडात उतरत नाही, ऑरेंज-रेड असेल तर घरातून निघतच नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका.

ऑक्टोबरातही एक मेख आहे, परतीचा पाऊस. सकाळी लख्ख ऊन, दुपारी दोन-तीनला घाटावर ढग चढतात आणि विजांसकट कोसळतात. म्हणून कुंडावर सकाळी लवकर पोचायचं आणि एकच्या आत बाहेर. दहाला आरामात नाश्ता करून निघणाऱ्या ग्रुपसोबत मी जात नाही.

तिथे पोचल्यावर कपडे काढायच्या आधी पाण्याच्या कडेला, अगदी पाणी टेकतंय तिथे, एक काठी रोवा किंवा ओळखू येईल असा दगड ठेवा. दर दहा मिनिटांनी बघायचं, आणि हे काम एका माणसाला नेमून द्या, नाहीतर सगळे फोटो काढत बसतात. पाणी चार बोटं चढलं तर निघा. स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या, धबधब्याचा आवाज जड झाला, ह्यातलं एक जरी झालं तरी निघा, चर्चा काठावर उंच जागी उभं राहून करा. प्रवाहाच्या मधल्या खडकावर बसायचंच नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्याचा व्हिडिओ बहुतेकांनी बघितलाय, ते मधल्या खडकावरच उभे होते आणि चारही बाजूंनी पाणी वाढलं.

आणि पाऊस नसतानाही पाणी वाढतं हे लोकांना माहीतच नसतं. वर धरण असेल किंवा वीजकेंद्र असेल तर. भंडारदऱ्याच्या खालचा रंधा धबधबा धरणाच्या विसर्गावर चालतो, आणि भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर तर कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं. अशा नदीच्या पात्रात उतरायचं असेल तर पाणी कधी सोडतात ते गावात विचारल्याशिवाय नाही.

येताना कुठले ओढे ओलांडले ते लक्षात ठेवा, कारण माणसं कुंडात अडकतात त्याहून जास्त परतीच्या ओढ्यात अडकतात. घोट्याच्या जरा वर, साधारण १५ सेंटिमीटर पाणी वेगात असेल तर मोठ्या माणसाचेही पाय सुटतात. "हात धरून साखळी करा" म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, सवय नसलेल्या माणसांच्या साखळीत एक घसरला की बाकीचे त्याच्यासोबत जातात. ओढा चढलेला दिसला तर अलीकडेच उंचावर बसून राहायचं. जसा पटकन चढतो तसा पाऊस थांबल्यावर उतरतोही, दोन-चार तास भिजत बसलात तर काही बिघडत नाही, डबा असतोच ना सोबत.

उतरणं. उडी मारायची नाही, कितीही खोल दिसलं तरी, खाली खडक कुठे आहे ते वरून कळत नाही. काठावर बसून पायाने चाचपत उतरा, पोहता येत असलं तरी जॅकेट घाला आणि बक्कल खरंच लागलंय का ते ओढून बघा, भाड्याच्या निम्म्या जॅकेटांचे पट्टे सैल असतात. धार पडते त्याच्या थेट खाली जाऊ नका. तिथलं पांढरं फेसाळ पाणी हवेने भरलेलं असतं, त्यात माणूस नीट तरंगत नाही, वर पडणारी धार खाली दाबते, आणि वरून दगडही येतात. न पोहणारे गुडघ्यापर्यंत, बस. दारू प्यायलेला काठावर.

पायात रबरी सोलचे बूट, चप्पल आणि क्रॉक्स नकोत. हिरव्या बुळबुळीत दगडावर पाय देऊ नका, खरखरीत कोरडा बघून टाका. आंबोलीच्या बाजूला जळवा लागतात, मीठ जवळ ठेवा, ओढून काढू नका.

परत येताना अंधाराच्या आत गाडीपाशी असा, घरी सांगून ठेवा कुठल्या गावातून चढताय ते, कारण रेंज बहुतेक ठिकाणी नसते. गावात शिरताना एकदा रेंज येते तिथे गाईडचा नंबर आणि ११२ सेव्ह आहे का बघा. गावात ज्यांच्या घरी जेवणार त्यांना जेवण जाताना सांगून जायचं, किती ताटं आणि व्हेज किती ते नीट सांगा, आयत्या वेळी जाऊन बारा ताटं मागितली तर भाकऱ्या कुठून आणणार ती माउली. आणि गाईडचे पैसे गाईडच्याच हातात द्या, पार्किंगवाल्याकडे नको.