एका बॅचचा माग: कोकणातल्या औषध कारखान्यांत क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभागात) येणाऱ्यांसाठी

लोटे-परशुराम, महाड, रोह्याचं धाटाव. या एमआयडीसींतल्या औषध कारखान्यांत नव्यानं लागणाऱ्यांना पहिला धक्का बसतो तो हा, की इथे गोळ्या फारशा दिसत नाहीत. रिअ‍ॅक्टर, सेंट्रीफ्यूज, ड्रायर आणि शेवटी पांढऱ्या पावडरीचे ड्रम. बहुतेक युनिट्स बल्क ड्रग, म्हणजे एपीआय (औषधातला मुख्य गुणकारी घटक) बनवतात. गोळ्या-कॅप्सूलची मोठी युनिट्स हवी असतील तर पाताळगंगेकडे बघा, नाहीतर खाली गोव्यात वेर्ण्याला. हा फरक आधी समजून घ्या, कारण कुठलं नियमपुस्तक उघडायचं ते त्यावर ठरतं.

खेड, चिपळूण, रत्नागिरीच्या कॉलेजांतून केमिस्ट्री करून आलेली किंवा सावर्ड्याहून बी.फार्म. झालेली मुलं इंटरव्ह्यूला येताना अमेरिकेचा २१ सीएफआर २११ हा औषधनिर्मितीचा नियम पाठ करून येतात. तो फॉर्म्युलेशनसाठी, म्हणजे गोळ्या-कॅप्सूलसारख्या तयार औषधांसाठी आहे. एपीआयसाठी जगभर आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेचं क्यू-७ हे मार्गदर्शक चालतं. युरोपच्या जीएमपीचा (चांगल्या उत्पादन पद्धतीच्या नियमांचा) दुसरा भाग म्हणजे तेच क्यू-७. आपल्याकडचा मूळ औषध कायदा १९४० चा, नियम १९४५ चे आणि त्यातलं शेड्यूल एम, म्हणजे आपली जीएमपी. हे शेड्यूल डिसेंबर २०२३ मध्ये नव्यानं लिहून अधिसूचित झालं. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते जुलै २०२४ पासून लागू झालं, लहान-मध्यम कंपन्यांना २०२५ अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली. जोखीम व्यवस्थापन, दरवर्षीचा प्रॉडक्ट क्वालिटी रिव्ह्यू आणि सेल्फ इन्स्पेक्शन आता त्यात स्पष्ट आहेत. ‘आमचा माल फक्त देशात जातो’ ही जुनी सबब त्यामुळे संपली.

क्यू-७ एकदा सलग वाचायला दोन संध्याकाळी पुरतात. पण पहिल्या वर्षी क्यूएच्या डॉक्युमेंटेशन टेबलवर बसायची नोकरी मिळत असेल, आणि क्यूसी (तपासणीची लॅब) किंवा प्रॉडक्शनचीही मिळत असेल, तर दुसरी घ्या, पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी. ज्यानं कधी सेंट्रीफ्यूजमधून ओला केक उपसताना पाहिला नाही, त्याला बीएमआरमधली (बॅचच्या उत्पादनाच्या नोंदपुस्तिकेतली) ‘अनलोडिंग: १० मिनिटं’ ही नोंद खोटी आहे हे कळणारच नाही.

ऑडिट म्हणजे चेकलिस्ट भरणं नव्हे. चेकलिस्ट हातात असावी, पण काम चालतं ते एका बॅचचा माग काढत. पाठवून झालेली एक बॅच निवडा. कंपनीनं पुढे केलेली नको. डिस्पॅच रजिस्टर उघडून स्वतः निवडा, शक्यतो डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून फारकत) झालेली किंवा महिनाअखेरीस घाईत सुटलेली. मग उलट्या दिशेनं चला. रिलीज कुणी केली, त्या वेळी सगळे टेस्ट रिझल्ट आले होते का, त्या रिझल्टचा कच्चा डेटा कुठे आहे, सँपल कुणी कधी काढलं, ड्रायर किती वाजता उतरवला, रिअ‍ॅक्टरमध्ये काय, किती, कुठल्या लॉटमधून टाकलं, तो लॉट गेटवर कधी आला.

या वाटेवर पाच-सहा ठिकाणी वेळा एकमेकींवर ठेवून बघायच्या. समजा, बीएमआर म्हणते १०:४० ला रिअ‍ॅक्टरमध्ये टोल्युइन घेतलं आणि त्याच रिअ‍ॅक्टरच्या लॉगबुकात क्लीनिंग ११:१५ ला संपलंय. दोन्हींतलं एक खोटं आहे, किंवा दोन्ही संध्याकाळी बसून भरलीत. डिस्पेन्सिंगचा वजनकाटा प्रिंट देत असेल तर प्रिंटवरची वेळ बघा. सही करणारा त्या दिवशी कामावर होता का, हे क्यूएच्या कागदात सापडणार नाही. टाइम ऑफिसची हजेरी मागवा. एचपीएलसी या लॅबमधल्या विश्लेषण यंत्राचा संगणक, वजनकाटा आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्या वेळा जुळतात का, हे सकाळीच टिपून ठेवा, नाहीतर दुपारी वीस मिनिटांच्या फरकावरून उगाच वाद होतो.

सगळ्या जगानं उचललेला एएलसीओए हा शब्द याच गोष्टीचा आहे. नोंद कुणी केली ते कळावं, वाचता यावी, त्याच वेळी केलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. पाचही बाबींत सगळ्यांत जास्त घसरतं ते ‘त्याच वेळी’. आणि कोकणात ते पावसाळ्यात घसरतं.

परशुराम घाटात दरड आली की चिपळूणकडची कंपनीची बस लोट्याला पोचत नाही. रात्रपाळीचा ऑपरेटर आठाऐवजी सोळा तास उभा राहतो. ड्रायरचं तापमान दर तासाला लिहायचं असतं; तो तीन तासांनी एकदम तीन ओळी लिहितो, तिन्ही ठिकाणी ५५ अंश. नंतर बस आली की पहिल्या पाळीचा माणूस दुसऱ्याच्या रकान्यात सही करतो, कारण ‘कॉलम रिकामा राहू नये’ असं त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. चूक उलटी शिकवली गेलीय. रिकामा रकाना हे डेव्हिएशन आहे आणि ते लिहून निस्तरता येतं. मागाहून भरलेला रकाना ही डेटा इंटिग्रिटीची, म्हणजे नोंदींच्या खरेपणाची बाब होते आणि तीत सगळ्या बॅचवरचा विश्वास जातो. बरोबर पद्धत अशी: उशिरा नोंद करायची असेल तर आजची तारीख, आत्ताची वेळ, उशिराचं कारण आणि स्वतःची सही. खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर प्लांटमध्ये असूच नये. जुलै-ऑगस्टची कागदपत्रं म्हणून आवर्जून मागवा. डिसेंबरच्या कागदात कुठल्याही कारखान्याची नोंदवही नीट असते.

पावसाळ्याची दुसरी परीक्षा हवेतल्या ओलाव्याची. बाहेर आर्द्रता नव्वदच्या आसपास असते. पावडर प्रोसेसिंगच्या खोलीत मर्यादा ५५ टक्के लिहिलीय आणि डीह्युमिडिफायर नाही, तर चार्टवर सहज विश्वास ठेवू नका. एएचयूची (खोलीत हवा सोडणाऱ्या यंत्राची) थंड पाण्याची कॉइल किती अंशाला चालते ते विचारा, मग चार्ट बघा. ड्रायरमधून लॉस ऑन ड्राइंगचं (उरलेला ओलावा मोजायचं) सँपल काढून पिशवी न बांधता लॅबपर्यंत नेली की ०.५ टक्क्याची मर्यादा ओलांडून ०.६ येतं. मग काय होतं? माल पुन्हा दोन तास सुकवतात, नवं सँपल देतात आणि पहिला आकडा कुठेच राहत नाही. इन-प्रोसेस टप्प्यावर पुन्हा सुकवणं गुन्हा नाही, बीएमआरमध्ये तशी तरतूद असेल तर. पहिला आकडा गायब करणं हा गुन्हा आहे. ड्रायरच्या लॉगबुकातले एकूण तास आणि बीएमआरमधले तास जुळवले की हे हमखास सापडतं.

याच दिवसांत इन्सेक्ट ट्रॅपची मोजणी बघा. चारही महिने ‘शून्य’ असेल तर ट्रॅप बंद आहे किंवा मोजणी घरी बसून झालीय. वीज गेली आणि डीजी (डिझेल जनरेटर) सुरू झाला, तेवढ्या मधल्या वेळात खोल्यांमधला दाबाचा फरक शून्यावर येतो. त्या वेळी उघडा माल होता का, याचं उत्तर कुणाकडे तरी लिहिलेलं हवं.

आता लॅब. नवा ऑडिटर लॅबमध्ये गेला की कॅलिब्रेशनचे स्टिकर मोजत बसतो. ते असतातच. त्याऐवजी चार दशांशी वजनकाट्याजवळ उभे राहा आणि स्टँडर्ड (ज्याच्याशी सँपल ताडून बघतात तो संदर्भ पदार्थ) किती वजनाचं घेतात ते बघा. यूएसपीच्या (अमेरिकी औषधसंहितेच्या) ४१व्या प्रकरणाप्रमाणे एकाच वजनाची किमान दहा वाचनं घेऊन स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं. त्याच्या दोन हजार पट म्हणजे त्या काट्यावरचं किमान वजन. हे स्टँडर्ड डेव्हिएशन फारच कमी आलं तरी रीडेबिलिटीच्या (काटा दाखवतो त्या सगळ्यांत लहान फरकाच्या) ०.४१ पटीखाली धरायचं नाही. म्हणजे ०.१ मिलिग्रॅमच्या काट्यावर उत्तमात उत्तम परिस्थितीतही ८२ मिलिग्रॅमच्या खाली अचूक वजन घेता येत नाही. अ‍ॅसेसाठी (औषधाचं प्रमाण काढायच्या चाचणीसाठी) तिथे ५० मिलिग्रॅम स्टँडर्ड मोजत असतील तर मेथड कितीही व्हॅलिडेटेड असो, पाया कच्चा आहे. उपाय सोपा असतो: पाच दशांशी काटा वापरा किंवा वजन आणि डायल्यूशन दोन्ही वाढवा. पावसाळ्यात ओलावा शोषणारं स्टँडर्ड असेल तर काट्यावर आकडा हळूहळू वर चढताना दिसतो. तिथे घाईत प्रिंट दाबतात.

एचपीएलसीवर फक्त छापील क्रोमॅटोग्राम (यंत्रानं काढलेला आलेख) बघू नका. संगणकासमोर बसून त्या दिवशीची सगळी इंजेक्शन्स क्रमानं उघडायला सांगा. ‘ट्रायल’, ‘टेस्ट’, ‘डेमो’ नावाचे फोल्डर, अर्ध्यात थांबवलेला सीक्वेन्स, सिस्टिम सुटेबिलिटीच्या (यंत्र नीट चालतंय का, या चाचणीच्या) आधीच दिलेलं सँपलचं इंजेक्शन, कारण न लिहिता केलेलं मॅन्युअल इंटिग्रेशन (आलेखातल्या शिखराच्या सीमा हातानं ठरवणं). ऑडिट ट्रेल, म्हणजे कुणी काय बदललं याची संगणकातली नोंद; त्या दोन असतात, एक प्रोजेक्टची आणि एक सिस्टिमची. लोक पहिलीच दाखवतात. डिलीटचे अधिकार अ‍ॅनालिस्टकडे किंवा क्यूसी हेडकडे असतील तर तीच एक मोठी नोंद.

ओओएस आला, म्हणजे रिझल्ट मर्यादेबाहेर गेला, तर आधी लॅबची चौकशी. सोल्युशन टाकून द्यायचं नाही. त्याच व्हायलमधून पुन्हा इंजेक्शन देऊन उपकरणाचा दोष तपासता येतो. ठोस चूक सापडली तरच पहिला आकडा रद्द होतो. ‘बहुधा पिपेटिंगची चूक’ हे कारण नव्हे, अंदाज आहे. ९७.२, ९९.१, ९९.४ यांची सरासरी काढून ९८.० ची मर्यादा पार करणं चालत नाही. पहिला नापास आहे आणि त्याला लपवायला सरासरी नसते.

एपीआय युनिटमध्ये जिथे ऑडिटर फार कमी जातात ती जागा म्हणजे सॉल्व्हंट रिकव्हरी. मेथनॉल, टोल्युइन, डीएमएफ डिस्टिल करून परत वापरतात आणि क्यू-७ त्याला परवानगी देतं, पण स्पेसिफिकेशन आणि वापराची जागा ठरलेली हवी. २०१८ मध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए ही घातक अशुद्धी सापडल्यावर नायट्रोसामीनचा (तिच्याच गटातल्या अशुद्धींचा) शोध जगभर सुरू झाला आणि रिकव्हर केलेलं सॉल्व्हंट हा त्यातला एक संशयित ठरला. विचारायचे प्रश्न तीनच: एका प्रॉडक्टचं रिकव्हर्ड सॉल्व्हंट दुसऱ्यात जातं का, टँकला वेगळी पाइपलाइन आहे का, आणि किती वेळा फिरवल्यावर टाकून देतात. टँकर बाहेरच्या रिकव्हरीवाल्याकडे जात असेल तर त्याचं ऑडिट झालंय का, ते बघा. सहसा झालेलं नसतं.

आता नोंद कशी लिहायची. ‘क्लीनिंग समाधानकारक नव्हतं’ ही तक्रार झाली, ऑब्झर्व्हेशन नव्हे. ‘रिअ‍ॅक्टर अमुक क्रमांकावर क्लीन्ड असं लेबल होतं, मॅनहोलच्या गॅस्केटखाली पांढरा थर दिसला, लेबलवर आदल्या दिवशीची सही होती’ असं लिहा. काय, कुठे, कधी, किती नगांपैकी किती. मत नको, विशेषण नको. क्रिटिकल, मेजर, मायनर ही वर्गवारी कंपन्या आणि युरोप करतात (युरोपात मायनरला ‘अदर’ म्हणतात); यूएस एफडीए, म्हणजे अमेरिकी औषध नियामक, तपासणीतली निरीक्षणं ज्यावर देतं त्या ४८३ फॉर्मवर अशी पायरी नसते. ४८३ मिळाला की १५ कामकाजी दिवसांत उत्तर जावं लागतं; त्या मुदतीत आलेलं उत्तरच वॉर्निंग लेटरचा निर्णय होण्याआधी विचारात घेतात.

कॅपामध्ये (चूक सुधारण्याच्या आणि पुन्हा न होण्याच्या उपायांत) ‘ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग दिलं’ एवढंच दिसलं तर थांबा. ट्रेनिंग रेकॉर्डमधली प्रश्नपत्रिका काढा. अठरा जणांची उत्तरं शब्दशः सारखी असतात. आणि मूळ कारण बरेचदा असं असतं की एसओपी (कामाची लेखी पद्धत) इंग्रजीत आहे आणि गुणदे किंवा धामणदेवीहून येणारा ऑपरेटर मराठी वाचतो. त्याला एसओपीमधली पायरी मराठीत विचारा. तो बरोबर सांगेल, पण लिहिलेल्यापेक्षा वेगळी. बरेचदा त्याचीच बरोबर असते आणि चुकीची एसओपी असते, तेव्हा चेंज कंट्रोल (बदलाची रीतसर मंजुरी) करून एसओपी बदला, माणसाला दटावू नका.

तुमच्या प्लांटवर बाहेरचं ऑडिट असेल तेव्हा विचारलं तेवढंच सांगा, माहीत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा आणि खरंच बघून या. बॅकरूममध्ये (ऑडिटरला द्यायचे कागद जिथे काढून ठेवतात तिथे) कागद ‘दुरुस्त’ करून पाठवायची सूचना मिळाली तर नकार द्या. सही तुमची असते.

अभ्यासासाठी पैसे घालवायची फारशी गरज नाही. यूएस एफडीएची वॉर्निंग लेटर्स आणि डब्ल्यूएचओचे सार्वजनिक तपासणी अहवाल फुकट मिळतात. आठवड्याला एक वाचा, पण वाचताना तीच गोष्ट आपल्या प्लांटवर कुठल्या कागदात दिसेल ते शोधा. आयएसओ ९००१ चं लीड ऑडिटर प्रमाणपत्र पाच वर्षांच्या अनुभवाशिवाय कुणी विचारत नाही.

राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून) मॅन्युफॅक्चरिंगसाठी स्वतःच्या नावाचं अप्रूव्हल घ्यायचं असेल तर बी.फार्म.वाल्यांना पदवीनंतर १८ महिन्यांचा आणि केमिस्ट्री घेतलेल्या बीएस्सीवाल्यांना ३ वर्षांचा प्रत्यक्ष उत्पादनाचा अनुभव लागतो. अनुभवपत्रात विभाग, डोसेज फॉर्म किंवा बल्क ड्रग, आणि तारखा स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘एक्झिक्युटिव्ह म्हणून काम केलं’ असलेलं पत्र परत येतं. नोकरी सोडतानाच मागा, कारण युनिट विकलं गेलं किंवा बंद पडलं की नंतर सही करायला कुणी सापडत नाही.