सांगलीत एंडोक्रायनॉलॉजी करताना: पुडी, मिशेरी आणि रात्रीची लाईट

एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला असताना कवठेमहांकाळकडच्या एक मावशी माझ्या ओपीडीत आल्या. चेहरा गोल आणि लालसर, हातपाय काटकुळे, दंडावर हिरवेनिळे डाग. कसलं औषध घेता विचारलं तर म्हणाल्या, "काय नाय बाई, गुडघ्याची पुडी घेतीया दोन वर्सं. लय गुण आलाय." पुडीत स्टेरॉइड असणार हे माझ्या लक्षात आलं आणि मी ठणकावून सांगितलं, आजपासून पुडी बंद.

मावशींनी माझा शब्द पाळला. बाराव्या दिवशी त्यांना कॅज्युअल्टीत आणलं, तेव्हा उलट्या थांबत नव्हत्या आणि बीपी ७०/४० होतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हा हुकूम देणारा हार्मोन पाठवायचं थांबवते आणि मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड आणि ताणाचा हार्मोन, बनवणं विसरतात. त्या जाग्या व्हायला कधी कधी वर्ष लागतं. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, सलाइन लावलं, आणि संध्याकाळी मावशी उठून बसल्या. चूक माझी होती, आणि ती मी त्यांच्या मुलाला सांगितली. एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे हार्मोनांच्या शाखेत, डीएम ही एमडीनंतरची पदवी करायची ते त्याच आठवड्यात ठरलं.

या वाटेला येऊ पाहणाऱ्यांनी आधी वर्षं मोजावीत. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, सरकारी कॉलेज असेल तर बॉण्डचं वर्ष, मग नीट-पीजी देऊन एमडीची तीन आणि नीट-एसएस देऊन डीएमची तीन. मेडिसिनऐवजी पीडियाट्रिक्समधून एमडी केलं तरी डीएमला जाता येतं. हातात पदवी येते तोवर तिशी उलटलेली असते. शिवाय आपल्या शाखेत अँजिओप्लास्टी किंवा एंडोस्कोपीसारखं काही नाही, मिळकत येते ती पेशंटशी बोलण्यातून. सांगली-मिरजेत दवाखान्यांची कमी नाही, त्यामुळे पहिली काही वर्षं जम बसायला जातात. दिवसातले बहुतेक पेशंट डायबेटिस आणि थायरॉइडचे असतील. त्यात कंटाळा येणार असेल तर ही शाखा घेऊ नका, हे मी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगते.

मला स्वतःला ओढ लागली ती ताणाच्या हार्मोनांची आणि व्यसनाची. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणाला शरीर कसं सामोरं जातं यावरचा छोटासा लेख छापला. १९५० चं नोबेल अॅड्रिनलच्या हार्मोनांवरच्या कामाला मिळालं. १९८१ मध्ये वायली व्हेल यांच्या गटाने मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या सीआरएच या रेणूची रचना उलगडली, पिट्युटरीला एसीटीएच सोडायला लावतो तो हा. पुढे जॉर्ज कूब आणि इतरांच्या कामातून दिसलं की हाच रेणू मेंदूच्या अॅमिग्डालामध्ये, म्हणजे भीती-चिंतेच्या केंद्रातही असतो आणि दारू सुटताना तिथे उसळतो. सुरुवातीला माणूस मजेसाठी पितो. पुढे पुढे न पिण्याची तगमग शमवायला पितो. घरचे म्हणतात, "मनावर घेतलं तर सुटंल." मी त्यांना हा रेणू समजावून सांगते. पहिले काही आठवडे त्या माणसाच्या शरीराची घंटा कारण नसताना वाजत असते, अशा वेळी त्याला एकटं सोडू नका, म्हणते. रोज पिणाऱ्याने एका दमात दारू सोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली. मावशींच्या पुडीचा धडा इथेही लागू आहे.

पेशंट येऊन विचारतात, "स्ट्रेसची टेस्ट करा." अशी टेस्ट नाही. कॉर्टिसॉल सकाळी चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांवर रक्तातला आकडा उगाच वर दिसतो. नुसत्या आकड्यावरून कुणाच्या मनाचा ताण सांगायला जाऊ नका.

तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं उदाहरण मी दर बॅचला सांगते. वजन वाढलेलं, बीपी, शुगर. कुशिंगची, म्हणजे कॉर्टिसॉल सतत जास्त राहण्याच्या आजाराची शंका म्हणून रात्री अकराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं, तर ते वाढलेलं आलं. एमआरआय लिहून देणार इतक्यात मी विचारलं, लाळ घेतली तेव्हा कुठे होता? "बांधावर. त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती, मोटर चालू करून बसलो होतो." ज्याच्या झोपेची वेळ ठरलेली नाही त्याला ही तपासणी लावायचीच नसते. मग डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १ मिलिग्रॅम रात्री अकराला देऊन सकाळी आठला रक्त घेतलं; कुशिंग नसेल तर याने कॉर्टिसॉल दबतं. आकडा डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली आला, आणि त्याचा मुंबईचा खर्च वाचला. रोज बरीच दारू पिणाऱ्यात ही दुसरी तपासणीही फसवते. शरीर हुबेहूब कुशिंगसारखं दिसतं आणि दारू सुटल्यावर काही आठवड्यांत आकडे जागेवर येतात.

संशोधनात मी अशीच ठेचकाळले. कॉर्टिसॉल मोजायला सकाळच्या लाळेचे नमुने गोळा करत होते. कित्येक बायकांच्या नळ्यांत काळसर कण. मिशेरी! सूचनांच्या कागदावर आम्ही 'धूम्रपान करू नये' असं छापलं होतं. बिडी तर कुणीच ओढत नव्हत्या. मिशेरीने हिरड्यांतून रक्त येतं, रक्तात कॉर्टिसॉल लाळेपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे नमुना बाद. पानातला ज्येष्ठमधही लाळेतला आकडा वाढवतो. संमतीपत्र आणि सूचना सगळ्या नव्याने लिहिल्या, तेही गावातल्या आशाताईंना शेजारी बसवून. त्यांनी पहिल्याच ओळीत सुचवलं, "उठल्यावर मिशेरी लावायच्या आधी." एथिक्स कमिटीकडून मंजुरी पुन्हा घ्यावी लागली आणि चार महिने गेले.

एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची योजना बघा. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प असतो, त्यासाठी लॅब नसली तरी चालते. मिरजेच्या ओपीडीबाहेर वही घेऊन बसलात तरी प्रश्न सापडतील. फक्त संख्याशास्त्रवाल्या माणसाला आधी भेटा, डेटा गोळा झाल्यावर नव्हे.

आणि व्यसनाबद्दल विचारायला शिका, हे कुठल्या अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत. "दारू पिता का?" या प्रश्नाला सासऱ्यांसमोर कुणी हो म्हणत नाही. मी दिवसाच्या क्रमाने विचारते. उठता किती वाजता, उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं, दुपारी काम झाल्यावर काय, रात्री झोप लागत नाही तेव्हा काय करता. मावशी अजून वर्षाकाठी तपासायला येतात. पुडीच्या जागी दिलेला हायड्रोकॉर्टिसोनचा डोस कमी करत आणायला अकरा महिने लागले होते. गेल्या खेपेला त्यांनी शेजारणीला सोबत आणलं, खुर्चीत बसवलं आणि मी तोंड उघडायच्या आत तिला म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासनं सगळं सांग बाईस्नी. पुडीचंबी सांग."