फेलिक्ससारखं ‘सवड मिळाली की’ म्हणू नका

येशूचा संदेश सांगणारा प्रेषित पौल कैदेत होता. त्याचं बोलणं ऐकून रोमी सुभेदार फेलिक्स घाबरला, पण म्हणाला काय, तर आता जा, सवड मिळाली की बोलावीन (प्रेषितांची कृत्ये 24:25). पुढे दोन वर्षं पौल कैदेतच होता. फेलिक्स त्याला वरचेवर बोलावायचा, तेही लाचेच्या आशेने. तो बदलल्याचं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

आपणही ‘मुलांची परीक्षा होऊ दे’, ‘नाताळनंतर बघू’ म्हणतो. त्यापेक्षा आज रात्रीच बायबल उशाशी ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. सकाळी मार्ककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचा. एकूण 16 अध्याय आहेत, रोज एक पुरे. एखादा दिवस चुकला तर तिथूनच पुढे चला. भरपाई करत बसू नका, त्या ओझ्यानेच वाचन सुटतं.

खरी चालढकल होते ती आज्ञा पाळण्यात. भावाशी अबोला आहे आणि क्षमेबद्दलचं मार्क 11:25 हे वचन वाचलंत, तर डबा भरायच्या आधी त्याला फोन लावा. धीर होत नसेल तर मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका विश्वासू माणसाला आजच सांगून ठेवा, म्हणजे रविवारी उपासनेनंतर तो विचारेल, “बोललात का?”