हेल्पर टी पेशींचा तक्ता पाठ करण्याआधी

मायक्रोबायोलॉजीच्या एमएस्सीला इम्युनोलॉजी आली की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची पोरं आधी तक्ता घोकतात. हेल्पर टी म्हणजे इतर रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावणाऱ्या पेशी; त्यांचे प्रकार टीएच१, टीएच२, टीएच१७, टीएफएच, टीरेग (प्रतिसाद दाबणारी). समोर सायटोकाइन (पेशींमधली निरोप्या प्रथिनं), त्यापुढे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन). विद्यापीठाचा पेपर त्यावर निघतो. सीएसआयआर-नेट परीक्षेच्या पार्ट सीमध्ये मात्र उंदरातलं टी-बेटचं (टीएच१ च्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचं) जनुक काढून टाकतात, त्याला लेश्मानिया या परजीवीची लागण करतात आणि विचारतात, आता काय होईल? चार गुणांचा प्रश्न, चुकला तर एक गुण वजा. आमचे एक सीनियर म्हणायचे, "तक्ता पाठ आहे बे, पण जंतू कुठं बसला ते सांग!"

म्हणून एक रोग धरा. मी कुष्ठरोग धरला. वरोऱ्याजवळ आनंदवन, वर्ध्याजवळ दत्तपूर, अमरावतीला तपोवन. हा रोग आपल्याला नावानं तरी लहानपणापासून माहीत असतो. त्याचा जंतू मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या पेशीच्या) आणि नसांमधल्या श्वान पेशींच्या आत राहतो. तिथे अँटिबॉडीचं काही चालत नाही.

आता नाइव्ह सीडी४ पेशीकडे, म्हणजे अजून कोणताच प्रकार न झालेल्या हेल्पर टी पेशीकडे या. डेंड्रायटिक पेशी (जंतूचे तुकडे आणून दाखवणारी) तिला तीन गोष्टी देते: एमएचसी-२ या प्रथिनावर मांडलेला अँटिजेन (जंतूचा तुकडा), टी पेशीवरच्या सीडी२८ मार्गे दुसरा सिग्नल आणि सायटोकाइन. पेशी कोणत्या वाटेनं जाणार हे मुख्यतः तिसरी गोष्ट ठरवते. आयएल-१२ हे सायटोकाइन मिळालं तर पेशीच्या आत स्टॅट४ जागं होतं, पुढे टी-बेट, म्हणजे टीएच१. तिच्या इंटरफेरॉन गॅमा या सायटोकाइनमुळे मॅक्रोफेज पोटातले जंतू मारायला लागतो. हा कुष्ठरोगाचा ट्युबरक्युलॉइड प्रकार: चट्टे थोडे, जंतू थोडे. आयएल-४ चा जोर असेल तर स्टॅट६, गाटा३, टीएच२. अँटिबॉडी भरपूर, जंतूही भरपूर. हा लेप्रोमॅटस प्रकार. १९९१ साली रुग्णांच्या त्वचेच्या नमुन्यांत सायटोकाइनचे हेच दोन साचे दिसले. तेव्हा टीएच१-टीएच२ ची कल्पना जेमतेम पाच वर्षांची होती. मॉसमन आणि कॉफमन यांनी ती १९८६ मध्ये उंदरांच्या पेशींवरून मांडली होती. उंदराचा प्रश्नही इथेच सुटतो: लेश्मानियाही मॅक्रोफेजमध्येच राहतो; टी-बेट नाही, टीएच१ नाही, लेश्मानिया वाढणार.

पण टीएच१ चांगली, टीएच२ वाईट असं डोक्यात घेऊ नका. टीएच१ चा जोर अचानक वाढला की रिव्हर्सल रिअ‍ॅक्शन येते, नसा सुजतात, हातापायाची ताकद जाऊ शकते. शिवाय बरेचसे रुग्ण दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात. तक्त्यात हे मधलं काही मावत नाही.

टीएच१७ साठी कुष्ठरोगाचा फारसा उपयोग नाही; तिथे टीजीएफ-बीटा, आयएल-६ ही सायटोकाइन आणि आरओआर-गॅमा-टी हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर सरळ पाठ करा, वेळ वाचेल.

टीएच२ आणि टीरेगसाठी हत्तीरोग घ्या, गडचिरोलीत तोही आहे. जंत मोठा, पेशीबाहेरचा. म्हणून टीएच२ कडून आयएल-५, त्यामुळे वाढणाऱ्या इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि आयजीई अँटिबॉडी. आणि टीरेग व आयएल-१० यांनी प्रतिसाद दाबून धरल्यामुळे रक्तात मायक्रोफायलेरिया (जंताची पिल्लं) फिरत असूनही कित्येकांचा पाय सुजत नाही.